सिस्टरमावशींचं लाल

“बेबीला नका पाठवू, वहिनी. तिचे हात पुस्तक धरायचे हायत. सुनंदीला घेते मी. ती जरा भाजली-कापली तरी चालती.”

हे मी आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याआडून ऐकलं. सिस्टरमावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि आई पिठाचे हात तसेच धरून हसत होती. मुलीचा केवढा मान राखला, असं तिला वाटलं असणार. मी न्हाऊन, वेणी घट्ट घालून, नखं कापून सकाळपासून तयार बसले होते. त्या दिवशी मावशींच्या घरी हंगामातलं पहिलं लाल लागणार होतं.

लाल म्हणजे टमाटे, भाजलेला कांदा, लसूण आणि विस्तवावर काळ्या केलेल्या मिरच्या यांचं मावशी जे करून बाटल्यांत भरत, ते. त्यात साखर नसायची म्हणून त्याला सॉस म्हणता येत नव्हतं, आणि वर्षभर टिकायचं म्हणून चटणीही नाही. कॉलनीनं रंगावरूनच नाव ठेवून टाकलं. माघ सरेपर्यंत टमाटे मिळत तोवर ते करायचं आणि चैत्र-वैशाखात बाजारातली भाजी संपली की उघडायचं. दुष्काळाची वर्षं होती. उन्हाळ्यात कितीतरी घरांत भाकरीला लावायला तेवढंच असे.

मावशी मूळच्या मुखेडकडच्या एका खेड्यातल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. लॉजच्या माडीवर, कुणाच्या गोदामात, जागा मिळेल तिथं नव्या कचेऱ्या उघडत होत्या. मावशी म्हणायच्या, “आमच्या दवाखान्याचं बी जिल्हा रुग्णालय झालं. पाटी मोठी केली. खाटा हाय तेवढ्याच.” वडिलांची नांदेडहून इथं बदली झाली आणि आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच संध्याकाळी त्या कळशीभर पाणी घेऊन दारात आल्या, वडिलांना जयभीम केला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कुठं लावणार ते विचारलं आणि मग माझ्याकडे वळल्या. “ही इंग्रजी शाळंत जाती म्हणं?” त्या वेळी त्यांनी माझ्याकडे ज्या कौतुकानं पाहिलं, ते कौतुक पुढं कधी कमी झालं नाही. माझी सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

त्यांच्या बाटल्या सलाईनच्या होत्या. तेव्हा सलाईन काचेच्या बाटलीत यायचं, वर रबरी बूच. रिकाम्या बाटल्या घरोघरी रॉकेलला, फिरायला जाताना पाण्याला वापरल्या जात. मावशींनी त्यांना लालसाठी लावलं. बाटलीवर मापाच्या रेघा असल्यामुळं कॉलनीत लाल रेघेनं मोजलं जाई. “आज पाहुणे आहेत, दोन रेघा काढ,” असं आई म्हणायची. बाटल्या आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायच्या, मग तळाशी फडकं घातलेल्या हंड्यात खळाखळा उकळायच्या. लाल कढत असतानाच नरसाळ्यानं ओतायचं, गळ्याशी दोन बोटं जागा सोडायची, बूच दाबायचं, बाटली पुन्हा उकळत्या पाण्यात उभी करायची आणि गार झाल्यावर बूच मेणात बुडवायचं. उकळलेलं पाणी टाकायचं नाही. त्यात कपडे भिजायचे आणि उरलेलं दारातल्या कडुनिंबाला जायचं.

लग्नाविषयी कुणी विचारलं तर त्या म्हणत, “झालं होतं की. टिकलं न्हाई. बूचच ढिलं निघालं.” आणि विचारणारी हसायला लागली की, “हसू नको, तुझं नीट दाबून बघ.”

त्यांचा एकच कडक नियम होता. उघड्या बाटलीवर बोलायचं नाही. झाकणं निघाली की खोलीचं ऑपरेशन थिएटर व्हायचं. नाकातोंडावर पदर गुंडाळायचा आणि जे सांगायचं ते खुणेनं. मूठ मिटली की जाळ कमी, दोन बोटं दाखवली की पुढची बाटली. “थुंकीत जंतू असतेत. तुमच्या गोड बोलण्यानं माझी बाटली नासंल,” असं त्या सगळ्या बायकांना बजावत.

हा नियम जणू माझ्यासाठीच केलेला होता. न बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाई. मला वाटलं होतं, साऱ्या लातुरात मावशींना हाताखाली घ्यायला माझ्याइतकी योग्य मुलगी मिळणार नाही. मला त्यांच्या शेजारी, पातेल्यापाशी उभं राहायचं होतं. त्यांनी मूठ मिटली की जाळ मी कमी करायचा होता.

तिथं सुनंदा उभी राहायची. सुनंदा म्हणजे कोपऱ्यावरच्या सायकल दुकानवाल्याची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, दहावीला इंग्रजी आणि गणितात अडकलेली. ती झोपेतही बोलत असणार. मिरच्या भाजताना बोलायची, बाटली धरताना बोलायची, ओढणीतून बोलायची.

“मावशे, काल ती पाटलाची सून आली होती बघ टँकरवर—”

“भवाने! बाटलीत थुकतीस का?”

“थुकत न्हाई, सांगायलेय.”

“बंद कर तुझा भोंगा. न्हाईतर बूच तुझ्याच तोंडाला लावते.”

आणि पाठीत धपाटा बसायचा. सुनंदा फिदीफिदी हसायची. मावशींचे डोळे पदरावरून हसायचे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उकळलेली बुचं चिमट्यानं परडीत काढत असे. आईनं “बघू दे तिला, घरी बसून काय करते” म्हणून मला धाडलंच होतं, तेव्हा मावशींनी ते स्टूल माझ्यासाठी ठेवलं. त्यावर स्वच्छ धुतलेला टॉवेल घातलेला असायचा. सुनंदाला कधी कुणी बसायला सांगितलं नाही.

टमाटे मावशी विकत घेत नसत. चाकूरकडच्या एखाद्या घरची सून त्यांच्या हातून बाळंत झाली की घरचे पेढे घेऊन येत. मावशी पेढे परत करत. “गोड नको. विहिरीला पाणी असंल तर टमाटे आणा.” मुलगा झाला की टोपलं आपोआप यायचं. मुलगी झाली की लोक गुपचूप निघून जात. मग मावशी बाळंतिणीच्या खाटेपाशी उभ्या राहून सासऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, “काय हो दाजी, मुलगी झाली म्हणून टमाटे माफ व्हय?” ते टोपलं दुसऱ्या दिवशी दारात असे. त्यातल्या लालला त्या ‘लेकीचं लाल’ म्हणत आणि त्यात मिरची जास्त घालत. सुनंदा ते बोटानं चाटून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायची. माझ्या ताटलीत मात्र कमी तिखटातलं यायचं. “बेबीला सोसायचं न्हाई.” मला सोसलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही ते कधी सांगितलं नाही.

भरलेल्या बाटल्या कॉलनीत घरोघर जात. दोन घरं अशी होती की तिथं बाटली हसून घेतली जाई, पण उघडली जात नसे. का, ते कुणी बोलत नसे आणि आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजही नव्हती. आई एकदा चिडून म्हणाली, “मग देता कशाला त्यांना?” मावशी शांतपणे म्हणाल्या, “त्यांच्या फळीवर माझं सील दोन उन्हाळं धरून हाय, वहिनी. कामाची परीक्षा त्यांच्याकडंच होती.” पुढच्या हंगामातही त्यांनी सुनंदाच्या हाती त्या घरी बाटली पाठवली.

मुखेडहून त्यांचे नातेवाईक आले की मात्र बोलावणं मला असे. मी गेले की मावशी औषधाचं खोकं माझ्या हातात द्यायच्या. “वाच गं बेबी.” मी खाली मान घालून खोक्यावरचं इंग्रजी वाचायची. किती गोळ्या, कधी घ्यायच्या, मुलांपासून लांब ठेवा. शेवटची ओळ संपली की खोलीत कौतुकाची कुजबुज व्हायची. “बघा. आपली पोरगी हाय. कशी खाडखाड वाचती.” त्यांच्या आवाजात तेव्हा जे असायचं, ते मला आज कळतं. त्या वेळी मी खोक्यावरून नजर काढून पातेल्याकडे बघायची. तिथं सुनंदा पाहुण्यांसाठी चहा करत असायची आणि “दूध उतू घालवू नको, सटवे” हे तिला मिळायचं.

एकदा सुनंदाचं बोट हंड्याच्या काठाला लागलं. ती ओरडली. “मर तिकडं! डोळे कुठं गहाण टाकलेस?” म्हणत मावशींनी तिचा हात खसकन ओढला, बोट माठातल्या पाण्यात बुडवलं आणि वर फुंकर घालत राहिल्या. किती वेळ फुंकर घातली! जंतूंची त्या दिवशी त्यांना आठवण झाली नाही. पुढच्या आठवड्यात मीही माझं बोट त्याच हंड्याला लावलं, मुद्दाम. मी ओरडले नाही, म्हणून त्यांना कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली, मलम लावलं, दवाखान्यातली पट्टी गोल गोल गुंडाळून टोक चिकटवलं आणि म्हणाल्या, “बेबी, घरी जाऊन पड बरं. वहिनींना म्हणावं, दूध द्या हिला.” इतकी सुरेख पट्टी मी पुन्हा पाहिली नाही. घरी जाऊन मी ती सोडून टाकली.

मग ते वर्ष आलं, ज्याला आमच्या कॉलनीत अजून मिठाचं वर्ष म्हणतात. विहिरी पौषातच तळाला गेल्या होत्या. चाकूरकडून आलेलं टोपलं या हंगामातलं शेवटचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या खेपेला सुनंदानं बडबडीत कांदा करपवला होता आणि मावशींनी तिला असं काही झाडलं होतं, की त्या दिवशी ती तोंडाला ओढणी आवळूनच आली. डोळ्यांनीच म्हणाली, आज बघच तू. झाकणं निघाली. थोड्या वेळानं टँकरचा हॉर्न वाजला, तशी सुनंदा घागर घेऊन पळाली. ती नसताना मावशींनी पातेल्यात मीठ घातलं आणि पाटा धुवायला मोरीत गेल्या. सुनंदा घागर घेऊन परत आली, मिठाचा डबा उघडा बघितला, घालायचं राहिलंय असं समजून मान हलवली आणि पुन्हा मीठ घातलं. मावशींनी बाहेर येऊन तिला खुणेनं विचारलं, झालं का? सुनंदानं मान डोलावली. झालं.

दोन्ही वेळा मी स्टुलावर होते. हातात चिमटा होता. समोर धुतलेल्या उघड्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. मी बोलले नाही. नियम होता.

बाटल्या चैत्रात उघडल्या. नळ कोरडे आणि टँकर दिवसाआड. पहिला घास घेऊन वडील तांब्याकडे धावले. “सिस्टरबाईंनी पाणीटंचाईत हे काय काढलं!” घराघरांतून पोरं खोकत बाहेर आली. पण टाकून देण्यासारखं काही कुणाकडे नव्हतं. मग बायकांनी वरण आळणी केलं, भात आळणी केला आणि त्यात एक-एक रेघ लाल कालवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत कुणी मीठ विकत घेतलं नसेल.

मावशींनी आम्हां दोघींना समोर उभं केलं. “मीठ कुणी टाकलं?”

“मी टाकलं,” सुनंदा म्हणाली.

“अगं, मी बी टाकलं होतं की!”

मग मावशी आणि सुनंदा अशा हसत सुटल्या की एकमेकींना धरून खाली बसल्या. मावशी तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. “जन्मभर बोललीस, आन् नेमकं त्याच दिशी मुकी झालीस व्हय गं?” मी बघत होते. त्यांचं हसणं थांबेना, तेव्हा मी म्हणाले, “मी बघितलं होतं. दोघींनी घातलं.”

हसणं थांबलं. मावशी माझ्याकडे वळल्या. आता त्या मला बोलणार होत्या. बघत बसलीस, तोंड शिवलं होतं का तुझं, असं काहीतरी. मी वाट बघत होते. मावशींनी पुढं होऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनंदाला म्हणाल्या, “बघ. हिला म्हणतेत शिकलेली पोरगी. मेली तरी नियम मोडला न्हाई.”

त्या उन्हाळ्यात मी फार पाणी प्यायले. लालमुळं, असं आईला वाटलं.

आता मी दुसऱ्या गावात राहते. टमाटे स्वस्त झाले की मीही बाटल्या उकळते. सलाईन आता प्लास्टिकमध्ये येतं, म्हणून मला लोणच्याच्या बरण्या वापराव्या लागतात. गळ्याशी दोन बोटं जागा सोडते, मेणही लावते. चव बरी येते. शेजारणी म्हणतात, तुमच्या स्वयंपाकघरात किती शांत असतं हो. कुणी आत येऊन बडबडू लागलं तर मी कधीही रागवत नाही. मला जमत नाही. तसं रागवायला ज्या घरी शिकायचं, तिथं मला नेहमी टॉवेल घातलेल्या स्टुलावर बसवलेलं होतं.

मिठाच्या वर्षानंतर मावशींनी सुनंदाला पुन्हा दहावीला बसवायचं ठरवलं. गणित त्या दवाखान्यातल्या कुणाकडून करून घेणार होत्या. इंग्रजीसाठी माझ्याकडे आल्या. “बेबी, एवढं काम कर. ह्या भोंग्याच्या डोक्यात दोन शब्द घाल.” मी रोज संध्याकाळी तिला शिकवलं. चांगलं शिकवलं, ती काही मठ्ठ डोक्याची नव्हती. ती नापास व्हावी असं मला कधी वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण शिकवण्यात मी कुचराई केली नाही. सुनंदा पास झाली. कॉलनीभर साखर तिनं वाटली आणि पहिली चिमूट मला भरवली.

साखर वाटून झाली आणि मग कळलं की मावशींची बदली नांदेडला झाली आहे. आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी सुनंदाचं नाव नांदेडलाच लागलं आहे. ती मावशींच्याच घरी राहणार होती. आईनं हे मला भाकरी थापता थापता सांगितलं. “बरं झालं बाई पोरीचं. सिस्टर लेकीसारखं बघतील तिला.” मी ताट पुढं सरकवलं आणि भूक नाही म्हणाले.

निघायच्या दिवशी दारात टेम्पो उभा होता. सामान फार नव्हतं. खाट, हंडा, ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्या. कॉलनीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. बाटली न उघडणाऱ्या घरची एक बाईसुद्धा कुंपणाशी येऊन उभी होती. सुनंदा गळे काढून रडत होती आणि रडता रडता सामान चढवत होती. मावशी टेम्पोशी उभ्या राहून तिच्यावर ओरडत होत्या. “हंडा खाली, ट्रंक वर? अक्कल हाय का? बाटल्या फुटल्या तर तुला चालत आणीन नांदेडपर्यंत! नाक पुस आधी, टेम्पोत बसायचंय.” सुनंदा नाक पुसायची, “हाव मावशे” म्हणायची आणि पुन्हा रडायची. त्या ओरडण्यातला एकेक शब्द मी ऐकत होते. आजवरचे सगळे तिलाच मिळाले होते आणि उरलेलेही आता टेम्पोत भरून तिच्याबरोबरच चालले होते.

मावशी एकेकीचा निरोप घेत माझ्यापाशी आल्या. हात साडीला पुसले. मला हात लावण्याआधी त्या नेहमी हात पुसत. माझे दोन्ही गाल ओंजळीत धरले. त्यांच्या बोटांना मेणाचा आणि लसणाचा वास होता. “बेबी, लई शिक. मोठी साहेबीण हो. आमचं नाव काढ. माझ्या मुखेडच्या लोकांना मी सांगत असते तुझं.” डोळे भरून आले होते त्यांचे. आई शेजारी उभी राहून मला खुणेनं सांगत होती, वाक, पाया पड. बायका बघत होत्या. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मावशींनी गालांवरचे हात काढून घेतले आणि त्या वळल्या.

मी त्यांचा पदर धरला. कॉलनीत माझा आवाज कुणी नीट ऐकलेला नव्हता, मीही नाही. तो मोठा निघाला.

“मावशी, सुनंदाला रागावता तसं मला एकदा रागवा. जायच्या आधी, सगळ्यांसमोर रागवा.”